दूरचे डोंगर निळे केले, तरी चित्र सपाट का दिसतं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सिंहगडावरून दिसणारं राजगड-तोरण्याचं दृश्य मी जलरंगात केलं. पुढचा कातळ, त्यामागची सोंड, मधल्या टेकड्या, मग राजगड आणि तोरणा अशा पाच रांगा. मागची प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा थोडी निळी आणि थोडी फिकट ठेवली. तरी खोली येत नाही. निळ्या कागदाचे पाच तुकडे कापून एकामागे एक चिकटवल्यासारखं दिसतं. काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नातला ‘थोडी’ हा शब्दच सगळं सांगून जातो. प्रत्येक रांगेला सारखंच ‘थोडं’ फिकट केलं की जिन्यासारख्या सारख्या उंचीच्या पायऱ्या पडतात. डोळ्याला त्या पायऱ्या दिसतात, अंतर दिसत नाही. सिंहगडावरून ही अंतरं किती वेगवेगळी आहेत ते बघा. तुमच्या पायापुढचा कातळ दहा-वीस फुटांवर. कल्याण दरवाजाखालून उतरणारी सोंड किलोमीटरभर लांब. विंझरकडच्या टेकड्या सहा-सात किलोमीटरवर. राजगड सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर आणि तोरणा सुमारे १७. म्हणजे सोंड आणि टेकड्या यांच्यात पाच-सहा किलोमीटर हवा आहे, टेकड्या आणि राजगड यांच्यात आठ-नऊ, आणि राजगड-तोरण्यात जेमतेम दोन. या तिन्ही जागी तुम्ही सारखीच पायरी घेतलीत.

आता ही हवा काय करते ते आधी बघू, कारण ते एकदा कळलं की रंग कालवताना हात आपोआप नीट चालतो.

दूरचा डोंगर फिका दिसतो कारण तो आणि आपण यांच्यामधली हवा स्वतः उजळलेली असते. ऊन तिच्यावर पडतं, ती ते विखुरते आणि त्यातला काही उजेड आपल्या डोळ्यात येतो. डोंगरावर जणू उजेडाचा एक पातळ पडदा चढतो. अंतर वाढलं की पडदे वाढतात, आणि शेवटी डोंगर क्षितिजालगतच्या आकाशात विरून जातो. हवेचे रेणू निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा फार जास्त विखुरतात. हे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडलं. तरंगलांबी जितकी कमी तितकं विखुरणं जास्त, तेही चौथ्या घाताने, असा तो हिशेब आहे. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या जवळपास सहापट विखुरतो. म्हणून स्वच्छ हवेत पडदा निळा. पण धुळीचे कण आणि बाष्पाचे थेंब रेणूंच्या मानाने प्रचंड मोठे असतात आणि ते सगळेच रंग साधारण सारखे विखुरतात. म्हणून धुरकट हवेत पडदा पांढरट, करडा, कधी पिवळसर.

यातून चित्रकाराच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली, पडदा उजेडाचा असल्यामुळे तो सगळ्यात आधी गडद जागा खातो. झाडीतला काळोख, कड्यातल्या भेगा, सावल्या या आधी उजळतात. उन्हातलं वाळकं गवत किंवा पांढरी भिंत मुळातच उजळ असते, तिच्यावर पडद्याचा फारसा परिणाम होत नाही. उलट तिच्याकडून येणाऱ्या प्रकाशातला निळा भाग वाटेत विखुरल्यामुळे ती किंचित पिवळसर, गुलाबीसर दिसते. म्हणून संध्याकाळी दूरच्या कड्याची उन्हातली बाजू उबदार आणि सावलीची बाजू निळी, असं एकाच डोंगरावर दिसतं. अख्खा डोंगर एकाच निळ्याने भरला की ही गंमत गेलीच. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांमधलं एक वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं: पाचपट लांबची इमारत पाचपट निळी करा. पण मुळातच गडद असलेल्या वस्तू दूरवर जास्त निळ्या दिसतात, हेही त्याने टिपून ठेवलं आहे. ते वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ठरावीक अंतराला गडदपणाचा ठरावीक हिस्सा जातो. समजा हिवाळ्यातल्या एखाद्या बऱ्या दिवशी दर ५ किलोमीटरला आकाश आणि डोंगर यांच्यातला फरक निम्मा होतोय. टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, आकड्यात मोजू: काळ्याला ०, कागदाच्या पांढऱ्याला १० म्हणा. क्षितिजालगतचं आकाश ८, पायापुढच्या कातळातली भेग १, म्हणजे फरक ७. एका किलोमीटरवरच्या सोंडेत फरक उरतो ६, म्हणून तिचा सगळ्यात गडद टोन २. सात किलोमीटरवरच्या टेकडीत फरक अडीचच्या आसपास, टोन साडेपाच. १५ किलोमीटरवरच्या राजगडाचा फरक एकाहून कमी, टोन ७ च्या जरासा वर. आणि तोरणा? त्याच्याहून जेमतेम दोन-तीन दशांश फिका. १, २, साडेपाच, सात आणि कसाबसा सव्वासात. हे काटेकोर गणित समजू नका, डोळा टोन वेगळ्या पद्धतीने मोजतो. पण चढाचा आकार असाच असतो: पुढे दोन गडद टोन जवळजवळ, मग एकदम मोठी उडी, आणि मागे दोन फिके टोन एकमेकांना चिकटून. तुमच्या चित्रात १, पावणेतीन, साडेचार, सव्वासहा, साडेसात अशी सरळ चढण झाली असणार.

विद्यार्थिदशेत मीही असंच एक चित्र केलं होतं. आमच्या शिक्षकांनी काही न बोलता पुढच्या दोन रांगा एका कोऱ्या कागदाने झाकल्या आणि विचारलं, राजगडावरून तोरण्याला चालत जायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, डोंगरधारेने गेलं तर दिवसभर. ते म्हणाले, तुझ्या चित्रात दोन दिवस लागतील. तोरणा मी इतका फिका केला होता की तो राजगडाच्या मागे तेवढाच लांब गेला होता, जेवढा राजगड माझ्यापासून होता. त्यानंतर ब्रश उचलण्याआधी नकाशावर अंतर बघायची सवय लागली. आज तर ते मोबाइलवर दोन मिनिटांत होतं, आणि ते जरूर करा.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर दुसरा संशय. तुम्ही हे चित्र फोटोवरून केलं असावं असं मला वाटतं. आजचे फोनचे कॅमेरे फोटो काढताक्षणी त्यावर आपलं काम करतात. धूसर भागातला फरक वाढवतात, सावल्या उजळतात, निळा गडद करतात. म्हणजे जो पडदा आपल्याला रंगवायचा आहे तोच फोन पुसून टाकतो. तोरण्याचा कडा फोटोत करकरीत दिसतो, आपण तसाच रंगवतो आणि खोली मरते. फोटो घ्या, पण आकारांसाठी. टोन जागेवरच टिपा. पोस्टकार्डाएवढा चौकोन, ६बी पेन्सिल, डोळे किलकिले करून बघायचं आणि चार-पाच टोन आकड्यांसकट लिहून ठेवायचे. दहा मिनिटांचं काम आहे.

जागेवर टोन ओळखायला एक साधा उपाय सांगतो. दूरचा डोंगर नुसता बघितला तर तो ‘गडद’ वाटतो, कारण आपण त्याची तुलना आकाशाशी करतो. हात लांब करून एखादी काळी वस्तू, छत्रीची मूठ म्हणा किंवा फोनची मागची बाजू, त्या डोंगराशेजारी धरा. डोंगर किती उजळ आहे हे बघून दचकायला होतं. रंगासाठी करड्या पुठ्ठ्याला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा आणि त्यातून डोंगराचा एकच ठिपका बघा. ‘हिरवी झाडी’ म्हणून जे डोक्यात बसलेलं असतं ते भोकातून भलतंच दिसतं, करडं-जांभळट.

कागदाच्या तुकड्यांसारखं दिसण्याचं दुसरं कारण मला पायऱ्यांइतकंच मोठं वाटतं. तुमची प्रत्येक रांग वरपासून खालपर्यंत एकाच टोनची असणार. खरा डोंगर तसा नसतो. धूळ, धूर, बाष्प ही सगळी खोऱ्यात खाली साचलेली असतात. म्हणून डोंगराचा माथा जास्त स्पष्ट आणि गडद, आणि पायथा फिका होत होत जवळजवळ नाहीसा झालेला. पुढच्या रांगेचा गडद माथा मागच्या रांगेच्या फिक्या पायथ्यावर येतो, आणि तिथे, त्या एका रेषेवर, दोन्हींच्या मधली मोकळी हवा दिसायला लागते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी वेल्ह्याकडच्या खोऱ्यात हे इतकं ठळक असतं की राजगडाचा बालेकिल्ला खालच्या डोंगराशिवाय नुसताच वर तरंगताना दिसतो. जलरंगात हे करायला अगदी सोपं आहे: माथ्याची कड कोरड्या कागदावर नीट काढा आणि रंग ओला असतानाच खालच्या कडेला स्वच्छ पाण्याचा ब्रश फिरवा. रंग आपणहून खाली विरत जातो. माझ्या मते एवढी एकच सवय लावली तरी निम्मं काम होतं.

आता रंगाबद्दल. निळ्याचा आग्रह जरा सोडा. सह्याद्री वर्षभर निळा नसतो. ऑक्टोबरमध्ये पावसाने धुतलेली हवा असते. तेव्हा दर दहा किलोमीटरला फरक निम्मा होतोय असं धरलं, तर राजगडाचा टोन साडेपाचपर्यंत गडद राहतो, त्याच्या माच्या ओळखू येतात आणि तो खरोखर स्वच्छ निळा दिसतो. हेच दृश्य एप्रिलच्या दुपारी बघा. दर तीन किलोमीटरला फरक निम्मा झाला तर राजगड पावणेआठवर जातो, म्हणजे आठच्या आकाशात जवळजवळ संपलेला. जे उरतं तेही निळं नसतं. गढूळ करडं, त्यात किंचित जांभळा, वर धुळीचा पिवळसर लेप. पावसाळ्यात तर वेगळाच खेळ. समोरचा हिरवा उतार डोळ्यात भरेल असा रसरशीत आणि दोनशे मीटरवरची सोंड धुक्यात राखाडी भुतासारखी. तिथे पाच रांगा नसतातच, दोनच असतात, आणि त्या दोघींच्या मधलं अंतर इतकं मोठं वाटतं की बास. परदेशी व्हिडिओंमधले निळे डोंगर त्यांच्या हवेचे आहेत. तुमच्या चित्रात तुम्ही गेला होतात त्या दिवसाची हवा यायला हवी.

रंग कालवण्याची माझी रीत अशी. आधी क्षितिजालगतच्या आकाशाचा रंग भरपूर कालवून ठेवतो. थंडीतल्या सकाळी कोबाल्ट ब्लू, त्यात अगदी थोडा लाइट रेड, हवा धुळकट असेल तर यलो ऑकरचा थेंब. हा डबकाभर रंग म्हणजे त्या दिवशीची हवा. मग प्रत्येक रांगेचा मूळ रंग घेऊन त्यात ही हवा मिसळत जातो, अंतर जेवढं तेवढी. हिरव्याच्या बाबतीत एक क्रम पक्का लक्षात ठेवा: मागे जाताना पिवळा आधी जातो, मग लाल, निळा शेवटपर्यंत टिकतो. पायापुढच्या गवताला सॅप ग्रीन आणि रॉ सिएना, सोंडेवरच्या झाडीला अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि थोडा ऑकर, मधल्या टेकड्यांना अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पण ऑकर नाही, राजगड-तोरण्याला नुसती हवा आणि किंचित जास्त कोबाल्ट. पेन्स ग्रे मी दूरच्या डोंगरात घालत नाही. तो सगळ्या रांगांना एकाच मेलेल्या राखाडीत ओढतो.

तैलरंगात किंवा अॅक्रिलिकमध्ये करणाऱ्यांनी एक जपावं. फिकं करायचं म्हणून नुसता पांढरा ओतला की रंग खडूसारखा होतो आणि थंडही पडतो. तिथेही पांढऱ्याऐवजी आकाशाचं तयार मिश्रण घाला.

जलरंगात आणखी एक अडचण असते, वॉश, म्हणजे पाणी घालून पसरलेला पातळ रंग, सुकल्यावर फिका होतो. त्यामुळे ओला असताना बरोबर वाटलेला राजगड सुकल्यावर नाहीसा होतो, मग आपण त्यावर दुसरा थर देतो, तिथे चिखल होतो. कागदाच्या कडेला एक तुकडा रंगवून सुकवून बघा आणि मगच मुख्य चित्रात हात घाला. ३०० जीएसएमचा खरखरीत कागद आणि क्वार्टर इम्पीरियल (साधारण १५ बाय ११ इंच) आकार या दृश्याला पुरेसा आहे. उन्हाळ्यात गडावरचं वारं वॉश पसरायच्या आत सुकवतं, म्हणून आकाश एका दमात घ्या आणि त्याचा खालचा भाग सुकला की लगेच मागच्या दोन्ही रांगा घ्या. पावसाळ्यात उलट, काही केल्या सुकत नाही. मी दोन कागद सोबत नेतो आणि आळीपाळीने काम करतो.

कडांबद्दल एका गैरसमजाकडे लक्ष वेधतो. दूरचं सगळं पुसट, मऊ कडेचं करावं असं सांगितलं जातं. धुक्याच्या दिवशी ते खरं आहे. पण सह्याद्रीचे डोंगर बेसॉल्टच्या आडव्या थरांचे आहेत. सपाट माथे, तुटलेले कडे, पायऱ्यापायऱ्यांच्या धारा. कोरड्या हवेत तोरण्याची धार १७ किलोमीटरवरूनही स्वच्छ कापलेली दिसते. ती फक्त आकाशाच्या टोनला अगदी जवळ असते. ओल्या कागदावर ओला रंग सोडून ती कड फुगवली की आपल्या ओळखीचा तोरणा जाऊन कुठलीतरी गोल टेकडी उभी राहते. कड नीट, टोन फिका. तोरण्यावरचा बुधल्याचा उंचवटा आणि राजगडाचा बालेकिल्ला या खुणा मात्र मोजून-मापून काढा. ज्याने हे गड चढले आहेत तो तेवढ्यावरून अंतराचा अंदाज बांधतो.

ते आडवे थर मधल्या टेकड्यांवर फार उपयोगी पडतात. कातळ आणि गवत, कातळ आणि गवत अशा पट्ट्या. जवळच्या सोंडेवर पट्टी रुंद, त्यात भेगा आणि झुडपं. पुढच्या टेकडीवर तीच पट्टी अरुंद आणि भेगा गायब. राजगडावर नुसता एका टोनचा हलका फरक. झाडांचंही तसंच: समोर फांद्या, सोंडेवर झुबके, टेकडीवर फक्त डाग, त्यामागे काहीही नाही. दूरच्या डोंगरावर बारीक ब्रशने झाडं टिपत बसलेला माणूस दिसला की मला वाईट वाटतं, कारण इतक्या मेहनतीने तो त्या डोंगराला जवळच ओढत असतो.

उजेडाची दिशा निवडताना एक माहिती कामी येईल. सिंहगडावरून राजगड-तोरणा नैर्ऋत्येला आहेत. हिवाळ्यात सकाळी ऊन डावीकडून येतं, डोंगरांची अंगं, घळी, सोंडा उठून दिसतात. डिसेंबरात सूर्य मावळतो तो तोरण्याच्या थोडा उजवीकडे. तेव्हा आपण उजेडाच्या तोंडावर बघत असतो, हवेतली धूळ चमकते, डोंगरांवरचे तपशील सगळे पुसले जातात आणि रांगा सपाट छायेसारख्या एकामागे एक उभ्या राहतात. खोली शिकायला ही संध्याकाळची वेळ उत्तम, कारण बघण्यासारखं टोनशिवाय दुसरं काही उरतच नाही.

रंगाशिवाय खोली किती येऊ शकते हे बघायचं असेल तर कोल्हापूरला राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांचं कलासंग्रहालय आहे, तिथे जा. अभिनेते म्हणून ते घरोघरी माहीत होते, पण पावडर शेडिंगमध्ये त्यांनी केलेली निसर्गचित्रं त्यांच्या घरातच जपली आहेत. पावडरीचा करडेपणा, एवढंच माध्यम. तरी त्यात हवा आहे, अंतर आहे. तुम्ही हेच दृश्य पुन्हा करण्याआधी एकदा नुसत्या बर्न्ट अंबरमध्ये करा. त्या तपकिरी चित्रात तोरणा मागे गेला, तर निळ्यातही जाईल.

आता हातात असलेल्या चित्राचं काय करायचं? ते फाडू नका. कागद बरा असेल तर बरंच सुधारता येईल. पूर्ण सुकू द्या. मग दमट स्पंज किंवा मऊ सपाट ब्रशने मधल्या टेकड्यांचा पायथा हलकेच उचला, टिश्यूने टिपा, पुन्हा उचला, घासू नका. राजगडाच्या पायथ्यालाही तसंच. माथे तसेच ठेवा. त्यानंतर पुढची सोंड गडद करा. सध्या ती पावणेतीनच्या आसपास असेल, ती दोनवर आणा, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या उबदार मिश्रणाने. पुढच्या कातळात एकाच जागी, एखाद्या भेगेत, सगळ्यात काळा टोन द्या. दहा जागी देऊ नका. तोरण्यावर कोबाल्टचा अगदी पातळ एक वॉश चढवून त्याला राजगडाच्या जवळ आणा, आणि राजगडाच्या माथ्याला हात लावू नका.